देवाच्या आधीचा तुकडा

माझी वहिनी बनुबाई देवाला घाबरत नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. ती घाबरते फक्त कडू पपनसाला. हे मी तिच्या तोंडावर सांगते, आणि ती म्हणते, तुला कापडे गावची हवा मानवत नाही, तू आपली महाडला परत जा. मी जात नाही. गौरी-गणपतीला माहेरवाशिणीला हाकलणारी भावजय अजून जन्माला यायची आहे. शिवाय मला साखरसाल खायची असते.

साखरसाल म्हणजे पपनसाच्या सालीची मिठाई. फळ खायचं आणि साल फेकायची ही जगाची रीत. वहिनीचं सगळंच उलटं. आमच्या घरामागे पपनसाचं झाड आहे, त्याची फळं ती आल्यागेल्याला वाटून टाकते आणि साली मात्र मोजक्या माणसांनाच बघू देते. वरची हिरवी कातडी विळीवर पातळ सोलायची, आतल्या जाड पांढऱ्या भागाचे बोटभर तुकडे करायचे, ते रात्रभर चुन्याच्या निवळीत घालायचे, मग उकळायचे, पिळायचे, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचे. कडूपणा गेला की साखरेच्या पाकात. भाद्रपदात आमच्याकडे ऊन कुठलं, म्हणून वाळवण चुलीवरच्या फळीवर. यातलं सोलायचं काम वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात आहे. तो कडू रस नखांत बसतो आणि पुढे चार दिवस भाताचा घाससुद्धा कडू लागतो. कौतुक वहिनीचं होतं, नखं माझी जातात. बोलले की म्हणते, माहेरपण काय फुकट मिळतं?

वहिनीचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, साखरसाल तिकडूनच आली. माझा भाऊ सयाजी मुंबईला गोदीत होता, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. शेत, गुरं, पोर सगळं हिनं एकटीनं ओढलं. लावणीच्या चिखलात ही पुढे असली की गडी दुखती पाठ धरून उभं राहायलासुद्धा लाजतात, एवढा हिचा हात चालतो. आता दादा कायमचा गावी आलाय आणि ओट्यावर बसून हिलाच शेती शिकवतो. ही ऐकून घेते आणि करायचं तेच करते. अशी बाई. पण चूल पेटली आणि तिच्यावर पपनसाच्या सालीचं पातेलं चढलं, की हिचं तोंड परीक्षेला बसलेल्या पोरासारखं होतं.

कारण साधं आहे. किती पाण्यातून काढलं की साल गोड होईल, हे कुणालाच सांगता येत नाही. दर फळाची खोड वेगळी. एक पाणी कमी पडलं तर कडू जहर, एक जास्त झालं तर लगदा. चाखून बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि चाखायचं तर नाहीच, कारण साखरसाल आधी गौरीपुढे जाते. आमच्या गौरीला मटण-वडे चालतात, उष्टं चालत नाही.

वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं अंदाजानं केली आणि अशी कडू झाली की माझ्या आईनं भर बायकांत तोंडातला तुकडा बाहेर काढला. वहिनी त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडली. मी बघितलंय, म्हणून सांगते. ती अजून नाही म्हणते.

तिथं तिला शोधत आली शेजारची ठकूबाई. ठकूबाई म्हणजे आमच्या भावकीतल्या हैबतीची बायको. गरीब गाय दिसायची, पण डोकं वकिलाचं. हैबती तरुणपणी मुंबईला गिरणीत होता, तिथल्या सभा ऐकून देव-बिव काही नसतो असं ठरवून गावी आला होता. घरात देव्हारा नाही, गणपती नाही. आख्ख्या वाडीत आरत्या चालायच्या तेव्हा हा नाकावर टिच्चून ओट्यावर बिडी ओढत बसायचा. ठकूबाईला गणपतीची भारी हौस. ती बिचारी आमच्या घरच्या आरतीला सगळ्यांच्या पुढे उभी राहायची आणि टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून घ्यायची. तर ही ठकूबाई गोठ्यात वहिनीला म्हणाली, "आमच्या ह्यांना घाल की खायला. ज्याच्या मनात देव हाय, त्यानं आधी खाल्लं तर ते देवाच्या आधी झालं. ज्याच्या मनात देवच नाय, तो कुणाच्या आधी खाणार?"

माझी आई सोवळ्याची मोठी कडक. पण दोन दिवस विचार करून तीही म्हणाली, खाऊ दे मेल्याला, पण ओट्याच्या कडेला, आणि पानावर.

तेव्हापासून रिवाज पडला. गणपतीच्या आदल्या दिवशी हैबती आमच्या ओट्याच्या कडेला येऊन बसणार, वहिनी पातेल्यातला एक तुकडा केळीच्या पानावर त्याच्यापुढे ठेवणार, आणि तो चावत असताना घरातल्या सगळ्या बायका दाराआडून बघणार. आता इथं खरी गंमत. हैबती मुलखाचा खोटारडा. साल कितीही गोड असली तरी म्हणणार, कडू हाय. का, तर आणखी एक तुकडा मिळावा. त्याच्या जिभेवर विसंबलं असतं तर आमच्या घरात दरवर्षी लगदाच झाला असता. पण वहिनीनं एक गोष्ट हेरली होती. खरंच कडू लागलं की हैबतीचा उजवा डोळा बारीक होतो. त्याला स्वतःला ठाऊक नाही. तो कडू म्हणून ओरडला आणि दोन्ही डोळे टक्क उघडे असले, की वहिनी निमूट आत येऊन पाक चढवायची. डोळा बारीक झाला की आणखी एक पाणी. एवढ्या वर्षांत साखरसाल पुन्हा कधी कडू झाली नाही, आणि बनुबाईच्या हाताला दैवी गुण आहे असं सगळं खोरं मानू लागलं. तो गुण एका नास्तिकाच्या डोळ्यात आहे हे आम्ही घरच्या बायका सोडून कुणाला माहीत नव्हतं.

यंदा मात्र पंचाईत आली. यंदा पूर्वा गौरी, म्हणजे पूर्वा नक्षत्रात येणारी गौर. आमच्याकडे पूर्वा गौरी आली की नव्या नवरीचा पहिला ओवसा असतो. सुपांत फळं, पानं, खण भरून ती सुपं नवरी गौरीपुढे ओवाळते आणि मग घरोघरच्या थोरामोठ्यांना वाण म्हणून देते. वहिनीच्या विनीतचं लग्न होऊन वर्ष झालं, सून तेजश्री मुंबईची, गुणी पोर, पण गावातल्या बायकांनी तिला अजून तोलून बघायचं होतं. प्रत्येक सुपात साखरसाल जाणार. ती कडू निघाली तर वहिनीचं नाव जाईल ते जाईलच; नवरीचा पहिला ओवसा कडू झाला, पायगुण कडू, असं बायका तेजश्रीला जन्मभर ऐकवतील. बायकांच्या जिभेला हाड नसतं. गोठ्यातलं ते रडणं वहिनी विसरली नव्हती, आणि सुनेवर ती पाळी येऊ द्यायची नाही हे तिनं मनाशी धरलं होतं.

आणि नेमकं श्रावणात गावभर झालं, की हैबती काखेत पाट मारून गणपतीच्या शाळेत गेला. गणपती हवा असला की मूर्ती करणाऱ्याकडे आधी आपला पाट नेऊन द्यायचा असतो. म्हणजे हैबतीच्या घरी गणपती येणार. ठकूबाईला जाऊन दीड वर्ष झालेलं. सगळे म्हणाले, बायको गेल्यावर माणूस देवाला लागला, चांगलं झालं. वहिनीनं कपाळावर हात मारला. मला म्हणाली, मेल्याला आत्ताच सुधारायचं होतं? पूर्वा गौर होईस्तोवर तरी थांबला असता.

मग आम्ही दुसरा नास्तिक शोधायला निघालो. तुम्हाला वाटतं तेवढं ते सोपं नाही. वाडीतल्या जानूचा मुलगा हृतिक मोबाईलवर देवाविरुद्ध काय काय लिहितो असं कळलं, म्हणून त्याला गाठला, तर बेट्यानं बारावीच्या निकालाआधी देवाला नारळ बोलून ठेवला होता. शाळेतल्या मास्तरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, मूर्ती वगैरे मी मानत नाही, पण एक शक्ती आहे. वहिनीला सांगितलं तर म्हणाली, शक्ती म्हणजे गौरच की, बाद. तेजश्रीनं मोबाईलवर बघून तीन पाणी पुरे असं सांगितलं. वहिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बाय, आपल्या झाडाला मोबाईल कळत नाय गो.

गणपतीच्या आदल्या दिवशी चुलीवर पातेलं, दोन पाणी फेकून झालेली, आणि वहिनी ढवळायचा काविलता हातात धरून नुसती उभी. मी म्हटलं, दे, मी चाखते, पाप लागलं तर मला लागू दे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे केलेला हात मागे घेतला. तेवढ्यात ओट्याच्या कडेला खाकरल्याचा आवाज आला. हैबती येऊन बसला होता. दरवर्षीच्या जागी, दरवर्षीसारखा, पानाची वाट बघत.

वहिनी बाहेर गेली ती तणतणतच. म्हणाली, आता कशाला आलात भावजी, तुम्ही बाटलात, जा घरी मखर बांधा. हैबती जागचा हलला नाही. बिडी विझवून म्हणाला, "मी नाय मानत वयनी. आजपन नाय मानत. कणगीच्या मागं पाट मिळाला. फडक्यात गुंडाळलेला. तिनं कधी सुताराकडून करून घेतला, मला पत्ता नाय. रिकामा पाट किती दिवस बघायचा?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उगाच दादावर खेकसले की वाटेत काय बसलात. ठकूबाई नवऱ्याच्या नकळत पाट करून ठेवते काय, आणि जन्मभर कणगीमागे लपवते काय. एवढी हौस होती तर भांडायची होती. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

वहिनीनं केळीचं पान आणलं आणि त्यावर तुकडा ठेवला. हैबतीनं चावला. आम्ही दाराआडून बघत होतो, यंदा तेजश्रीही. कडू हाय, असं तो ओरडला, आणि त्याचा उजवा डोळा बारीक झाला. वहिनी पळत आत आली, तिसरं पाणी चढवलं. पुढच्या तुकड्याला तो पुन्हा कडू म्हणाला, पण डोळे टक्क उघडे. तेजश्री माझ्या कानात म्हणाली, आत्या, हे काका खोटं बोलतात. मी म्हटलं, लवकर शिकलीस, या घरात निभावशील.

गौरीच्या दिवशी ओवसा दृष्ट लागावा असा झाला. बायकांनी साखरसाल तोंडात टाकली, माना डोलावल्या, आणि ज्यांना तेजश्रीत खोट काढायची होती त्यांनी तिच्या साडीत काढली. कापड्याच्या घरांत सुपं गेली, माझ्या सासरी महाडलाही एक निघालं. शेवटचं सूप वहिनीनं स्वतः उचललं, तेजश्रीला पुढे घातलं आणि आम्ही हैबतीच्या घरी गेलो.

घर झाडलेलं होतं. मखर वाकडं. एवढासा गणपती ठकूबाईच्या पाटावर बसला होता. पाट मोठा होता, तिनं मोठा गणपती मनात धरला असणार. तेजश्रीनं सूप खाली ठेवलं. वहिनी म्हणाली, "हे ठकूचं वाण." हैबतीनं सुपातला एक तुकडा घेऊन गणपतीपुढे ठेवला. हात जोडले नाहीत. मग तो तुकडा उचलून तोंडात टाकला. जन्मात पहिल्यांदा तो देवाच्या नंतर खात होता.

आणि त्याचा उजवा डोळा बारीक झाला.

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. सगळी सुपं वाटून झालेली, एक महाडपर्यंत पोचलेलं. तिनं तेजश्रीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "भावजी, कडू हाय?"

"नाय वयनी," हैबती म्हणाला. "गोड हाय."

जन्मभर गोडाला कडू म्हणणारा माणूस त्या दिवशी गोडाला गोड म्हणाला, आणि म्हणूनच वहिनीचा त्याच्यावर विश्वास बसेना. तिनं सुपातला एक तुकडा उचलला, ठकूबाईच्या पाटाकडे बघत चावला, आणि तिचाही उजवा डोळा बारीक झाला.

साल गोडच होती. मी खाल्ली ना त्यातलीच एक, म्हणून सांगते.