साहेबाच्या वजनाचं पोतं

"साहेब, तुमचं वजन किती?"

पिकाच्या पाहणीवर नेमलेल्या साहेबांना मी हे विचारलं, तेव्हा टेबलाशी उभा असलेला शिपाई तोंडावर हात धरून बाहेर निघून गेला. मला हसवायचं नव्हतं. मला आकडा हवा होता.

गुलाबी बोंडअळीचं ते वर्ष. बाहेरून बोंड हिरवं, टपोरं. फोडलं की आत अळी आणि सडलेली सरकी. गावोगाव पाहणी करून पंचनामे करा, असा वरून हुकूम आला होता. डोंगरावरच्या तांड्यातले लोक हुकूम ऐकून थांबले. वावरात वाळत चाललेली पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, त्यांनी तशीच उभी ठेवली, कारण उपटली तर दाखवायचं काय? पण पराटी उभी असेपर्यंत हरभरा पेरता येत नव्हता, आणि जमिनीतली ओल रोज एक बोट खाली चालली होती. आणखी आठवडा गेला असता, तर कापूसही गेला आणि हरभराही, असं झालं असतं.

साहेबांच्या पुढ्यात छापील तक्ता होता. आंदोलनाची पत्रकं वाटून वाटून मला उलटं वाचायची सवय झाली आहे. तांड्याच्या नावापुढे निळ्या शाईत आधीच लिहून ठेवलेलं होतं : रस्त्याअभावी पाहणी शक्य नाही.

म्हणजे हिशेब सरळ होता. रस्ता नाही म्हणून पाहणी नाही. पाहणी नाही म्हणून नुकसान नाही. अळी बिचारी डांबरी सडकेनंच फिरते ना! रस्ता ज्यांनी केला नाही तेच रस्ता नाही म्हणून हात वर करणार, आणि हे लिहायला त्यांना शाईची लाजही वाटत नाही.

"जीप पुलाच्या पुढे जात नाही," साहेब म्हणाले. "आणि माझे गुडघे गेलेत. मी काय उडत जाऊ?"

"माझ्या गाडीवर चला."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. माझी गाडी लिंबाखाली उभी होती. उंच, मडगार्ड हवेत, टायरला जाड बटणं. सडकेवरही चालते आणि सडक संपल्यावरही, अशा जातीची.

"त्या उंटावर?"

"मुलीच्या मागे बसून?" हे त्यांनी विचारलं नाही, पण टेबलाशी उभ्या शिपायाकडे जे पाहिलं त्यात ते होतं. मी वजन विचारलं ते तेव्हा.

"अठ्ठ्याऐंशी. का?"

"गुरुवारी सकाळी दहाला तयार राहा."

"आणि मध्येच गाडी बसली तर? मी पायी चढणार नाही, आधीच सांगतो. तिथूनच परत."

"परत जा. मी काही बोलणार नाही."

मी काही बोलणार नाही, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा कुणापुढे उच्चारलं असेन.

बाहेर आल्यावर मी गाडीभोवती एक फेरी मारली. कारण गाडीचं खरं मलाच माहीत होतं. राजूरच्या खाणीत नोकरी करणाऱ्या एका पोराकडून मी ती जुनी घेतली होती. दिसायला डोंगर फोडणारी, पण इंजिन साधं दीडशे सीसीचं आणि अंग जड. तांड्याच्या वाटेला तीन वळणं आहेत. एकटी असले की पहिल्या गिअरमध्ये रडत रडत चढायची. मागं कुणी बसलं की तिसऱ्या वळणावर जीव सोडायची आणि मागच्याला उतरून चालावं लागायचं. तेही मागं बसणारी माणसं तांड्यातली, काटकुळी. अठ्ठ्याऐंशी किलो तिनं कधी पाहिले नव्हते.

शनिवारी सकाळी मी स्वतःच कामाला बसले. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता : फिल्टर काढा, सायलेन्सर मोकळा करा, ताकद दुप्पट. मी एअर फिल्टर उघडला, तर आत रुईचा लगदा. दोन महिने जिनिंगच्या गेटसमोर गाडी लावून पत्रकं वाटत होते. उडणारी रुई सगळी गाडीनं ओढली होती. फिल्टर मी फेकूनच दिला. शेजारच्या वेल्डरकडून सायलेन्सरच्या आतली जाळी कापून घेतली. गाडीनं असा आवाज काढला की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. मला वाटलं, झालं काम.

तांड्यावर गेले. जिचं वावर मला साहेबांना सगळ्यात आधी दाखवायचं होतं, तिला सगळा तांडा याडी म्हणतो. याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणते. तिला सांगितलं, मला अठ्ठ्याऐंशी किलो वजन दे, मागच्या सीटवर बांधायला.

"कायले?"

"साहेब म्हणून."

तिनं गोठ्यातून सरकीच्या ढेपीचं एक अख्खं पोतं आणि एक अर्धं काढून दिलं. "हे बैलाचं हाये, पोरी. काम झालं का वापस आणजो. पराटी निघाली का वखर लागते, वखराले बैल लागते, अन् बैलाले ढेप लागते."

पोती दोरानं आवळून मी खाली उतरले, पुलाजवळून वळले आणि चढायला लागले. आवाज एवढा की टेकडी हलत असेल. गाडी मात्र दुसऱ्या वळणालाच बसली. तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या! काही न करता जेवढी चढायची, तेवढीही आता चढेना. इंजिन हात लावू देईना इतकं तापलं होतं. पोती तिथंच दगडाला टेकवून मी गाडी ढकलत वर आले, तर वडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानं विचारलं, "काहून वो ताई, साहेब कोठं उतरले?"

"लघवीले गेले असतीन," दुसरा म्हणाला.

मीही हसले. पण परत जाताना पोती गाडीला पुन्हा बांधली, तेव्हा डोळे भरून आले, रागानं. सगळं केलं होतं. एकाच सकाळी सगळं केलं होतं.

रविवारी कळंबच्या रस्त्यावरच्या चाचांच्या गॅरेजात गेले. चाचा म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांचे डॉक्टर. पांढरी दाढी, कमरेला ग्रीसनं काळं झालेलं फडकं. त्यांनी गाडी नुसती सुरू केली आणि कानात बोट घातलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"वाटलंच. तुमचं पूर्ण खातंच आवाजाचं." त्यांनी प्लग खोलून माझ्या नाकासमोर धरला. टोक पांढरंफटक होतं. "पाह्य, जळून राह्यली बिचारी. हवा खूप, पेट्रोल कमी. फिल्टर कोठी हाये?"

"फेकला. रुईनं भरला होता."

"वा! वावरात नाही पिकला तेवढा कापूस फिल्टरात पिकवला, अन् फेकून देला. झटकाचा असते, बेटा. अन् सायलेन्सरची जाळी? ते काय कंपनीनं शोभेले लावलती? चढाले हळू चालते तवा तिचाच जोर असते."

मी ऐकून घेतलं. मग गुरुवारचं सांगितलं : साहेब, वजन, पराटी, ओल. माझ्या पिशवीतून डोकावणारं पत्रक चाचांनी दोन बोटांनी ओढलं आणि चष्मा लावून वाचलं.

"अकरा मागण्या हायेत."

"हो."

"कोणती मिळाली?"

"एकही नाही अजून."

"मिळाली तरी तुले समजन का, कायच्यानं मिळाली? दोन गोष्टी एकदम केल्या तू गाडीले. कोणत्या गोष्टीनं बसली, सांग."

मला राग आला. अकराच्या अकरा मागण्या खऱ्या होत्या आणि आजही आहेत. त्यातली एकही मी कमी करणार नाही, असं मी त्यांना तिथंच सुनावलं. चाचा म्हणाले, "कमी कोण करते? एक दिवशी एक कर म्हणतो. तेच पोतं, तोच डोंगर, अन् मले येऊन सांग कोठी थांबली."

सोमवारी त्यांनी सायलेन्सरमध्ये जाळी परत जोडून घेतली. फिल्टरच्या जागी सीट शिवणाऱ्याकडचा फोम कापून, तेलात बुडवून, पिळून बसवला. मी पोती बांधून चढले. तिसऱ्या वळणाशी थांबली. म्हणजे मूळ जागेवर आले. दोन दिवसांची कमाई शून्य. पण मला पहिल्यांदा कळलं की शून्य कुठे आहे.

मंगळवारी सकाळी चाचांनी मागचं चाक हातानं फिरवलं. ते अर्ध्या फेऱ्यात थांबलं. "हे पाह्य. ब्रेक धरून राह्यला. साहेबाच्या आधी तू ब्रेकच वाहून नेऊन राह्यली." ब्रेक मोकळा केला. त्या एवढ्याशानं गाडी तिसऱ्या वळणात शिरली आणि मधोमध मेली. दुपारी त्यांनी भंगाराच्या डब्यात हात घालून घालून पुढचं स्प्रॉकेट काढलं, चेन ओढणारं छोटं दातेरी चाक. माझ्या गाडीत होतं त्यापेक्षा एक दात कमी. "सडकीवर आता पळणार नाही, आधीच सांगतो. लोकं बाजूनं जातीन, तू पाहत राहशीन. पण ओढन."

ओढलं. तिसरं वळण पार झालं. वडाची सावली दिसायला लागली आणि तिथं, शेवटच्या खडीच्या चढावर, इंजिन घुसमटलं. वडाखालून आवाज आला, "साहेब आज घराजोळ आले, बाप्पा! उद्या चहा ठेवा!"

बुधवारी चाचांनी प्लग पाहिला. अजून पांढुरका. कार्बोरेटर उघडून त्यांनी आतली सुई काढली आणि घड्याळजीकडून आणलेला, नखाएवढासुद्धा नसलेला एक वॉशर तिच्याखाली सरकवला. सुई केसभर वर आली, पेट्रोल केसभर वाढलं. एवढंच. मी चढून परत आले तेव्हा प्लगचं टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं होतं.

"किती आली?" चाचांनी विचारलं.

"वडापर्यंत. एकदाही पाय न टेकता."

"मंग आता हात नको लावू."

"अजून एक दात कमी केला तर? उद्यासाठी?"

"तं चेन घासन, अन् मधातच तुटन. तुले गुरुवार पायजे का तमाशा?"

मला गुरुवार पाहिजे होता.

साहेब दहाला तयार होते, हे मी त्यांच्या नावानं लिहून ठेवते. बॅग गळ्यात, तक्ता बॅगेत, डोक्याला रुमाल. बसताना गाडी मागून दबली आणि पुढून उचलल्यासारखी झाली. तरीही माझी टाचच काय, चवडाही धड टेकत नव्हता. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावायचं टाळून मागचा कॅरिअर घट्ट पकडला. सडकेवर एक सायकलवाला आमच्या बरोबरीनं चालत होता.

"एवढीच चालते का?" साहेब म्हणाले.

"सडकेवर एवढीच."

पुलापासून पहिला गिअर. पहिलं वळण, दुसरं वळण. पोतं आणि माणूस यांत एक फरक असतो, तो मी धरलाच नव्हता. पोतं हलत नाही. साहेब प्रत्येक दगडाला घाबरून मागं झुकायचे आणि पुढचं चाक हलकं व्हायचं. तिसऱ्या वळणात ते एवढे मागं गेले की हँडल माझ्या हातात नुसतं तरंगलं. इंजिनाचा सूर खाली आला. हा सूर मला पाठ होता. इथून पुढं दोन हातांत ती मरते.

"मी उतरतो," साहेब म्हणाले. आवाजात सुटका होती.

"बसा!" मी ओरडले. "पुढं सरका! मला धरा अन् पुढं सरका!"

त्यांनी धरलं. माझ्या दोन्ही खांद्यांवर अठ्ठ्याऐंशी किलोंचा भार आला, चाक खाली बसलं, मागच्या टायरनं खडी पकडली. सूर तिथंच थांबला, खाली गेला नाही. रडत, ओढत, माणसाच्या चालीनं ती चढली. वडाखालचे म्हातारे उभे राहिले.

याडीच्या वावरात साहेबांनी कोपऱ्यातल्या ओळीपासून बोंडं फोडायला घेतली. एक, दोन, पाच. प्रत्येकात तेच. आणखी आतल्या ओळीत शिरले. चांगलं एखादं सापडेल म्हणून शोधत होते की काय, कोण जाणे. मी काही बोलणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून बोलले नाही. मग एकेक वावर झालं. दुपारी त्यांनी वडाखाली बसून तक्ता काढला आणि निळ्या शाईतली ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली. वर लिहिलं : प्रत्यक्ष पाहणी केली. प्रत्येक वावराची नोंद घेतली, खाली सही केली. मी पुन्हा उलटं वाचलं, दोनदा.

"मदत मिळेलच, असं मी म्हणत नाही," ते म्हणाले.

"ते आम्ही पाहू," मी म्हणाले. उरलेल्या दहा मागण्या होत्याच.

याडीला मदतीचं काही ऐकायचं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "आता उपटू का?"

"उपटा," साहेब म्हणाले.

मी त्यांना पुलावर, परतीसाठी बोलावलेल्या जीपपाशी सोडलं आणि चाचांकडे ठेवलेली पोती बांधून परत निघाले. ढेप बैलांची होती. आता कुणी डगमगणारं मागं नव्हतं. वर पोचले, तोवर सगळ्या वावरांत माणसं वाकलेली होती. पराटी मुळासकट ओढायचे लोखंडी चिमटे कटकट वाजत होते. याडीच्या चार ओळी मोकळ्या झाल्या होत्या. तिनं उपटलेल्या जागची माती मुठीत घेऊन दाबली, उघडून पाहिली. मुठीचा आकार तसाच राहिला. ओल होती.

"साहेब आणले का वापस?" तिनं पोत्यांकडे पाहून विचारलं.

"आणले."

"गोठ्यात टाक. अन् तो दुसरा चिमटा घे."

मी गाडी बांधाला टेकवली आणि पाचवी ओळ धरली.