न पाहिलेली शाळा

शहरातल्या बेहाला भागाच्या बाजारात माठाची जुडी निवडता निवडता मी एक अख्खी शाळा जवळजवळ बंद पाडली होती. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठीची.

माझी नेहमीची भाजीवाली रोज पहाटेच्या गाडीने आपल्या खेड्यातून यायची. जुडी बांधताना दोरा दातांत धरायची, त्यामुळे माझ्या उपदेशाला तिला उत्तर देता यायचं नाही. तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजायचे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. शहाणपण शिकवायला नाव कशाला लागतं?

तिची मुलगी गावातल्या सरकारी शाळेत सहावीत होती. पाचवी ते आठवी मिळून मुलं जेमतेम तीसेक, निकालही बेताचाच. "काढ तिला तिथून, स्टेशनजवळच्या खाजगी शाळेत घाल," असं मी महिनाभर तिच्या कानीकपाळी ओरडत होते.

शेवटी तिने मुलीला काढलं. शहरातली माशिमा, म्हणजे बंगालीत मावशी, सांगते म्हटल्यावर शेजारच्या चौघींनीही आपापल्या मुली काढल्या. पट इतका घसरला की शाळेला टाळं लागायची वेळ आली आणि मास्तर दारोदार हात जोडत फिरू लागले. तेव्हा तिने मुलीला परत तिथेच घातलं, शेजारणींनाही वळवलं.

हे सांगून तिने पुन्हा दोरा दातांत धरला; मी नेहमीप्रमाणे जुडी सोडून पानं निवडत बसले होते.

"अगं, पण ती शाळा चांगली नाही ना!" मी म्हटलं.

तिने दातांतला दोरा काढला.

"माशिमा, माठाचं एकेक पान तुम्ही उलटून बघता. आमची शाळा कधी बघितलीत?"