पेटी उघडण्याआधी

ठाण्याच्या कोर्टात मी फौजदारी वकिली करते. जामीन मिळवणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचवणं. तुरुंगाच्या दाराशी एक लोखंडी पेटी असते. संध्याकाळी ती उघडायच्या आत कागद त्यात पडला तर माणूस सुटतो, नाही तर आणखी एक रात्र आत. त्या पेटीसाठी मी चपला हातात घेऊन धावलेली आहे.

या वेळचा अशील ठाकुर्लीचा, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधल्या साहेबांचा ड्रायव्हर. पार्किंगवरून मारामारी झाली आणि तो कल्याणच्या तुरुंगात गेला. जामीन मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मुलाकडच्यांना 'बाबा गावी गेलेत' असं सांगून ठेवलेलं.

जामीनदाराचे कागद तपासून होईपर्यंत दुपार कलली. क्लार्कनं आदेश कॉम्प्युटरवर चढवला, बटण दाबलं आणि म्हणाला, "पाठवला."

"कुठं?" अशिलाच्या बायकोनं विचारलं.

"कल्याणला. तुरुंगात."

"असा कसा? तुम्ही तर खुर्चीतून उठलातपण नाही."

तो हसला. मला हसू आलं नाही. अर्ज ऑनलाइन दाखल करण्याची सवय मलाही झाली होती. पण तुरुंगाचं कुलूप कागदाशिवाय उघडतं, हे काही मनाला पटेना. मी शिक्क्याची प्रत मागून घेतली आणि आम्ही तिच्या दिराच्या गाडीत बसलो.

भिवंडी बायपासला ट्रकच्या मागे ट्रक उभे.

"वहिनी, ट्रेननं गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो," दीर म्हणाला.

"तुम्हीच म्हणालात ना भावोजी, दादाला गाडीतून मिरवत आणू? मिरवा आता."

कल्याणच्या तोंडाशी दुर्गाडी किल्ला दिसेपर्यंत पेटीची वेळ उलटून गेली होती. मुलाकडच्यांना आता काय सांगायचं, याचे शब्द मी मनात जुळवू लागले. तिनं ते ओळखलं असावं.

तुरुंगासमोरच्या टपरीवर तो चहा पीत उभा होता. हातात कपड्यांची पिशवी.

"इतका वेळ?" तो म्हणाला. "मला वाटलं, विसरलात."

मी विचारलं, "सोडलं कसं तुम्हाला?"

"नाव पुकारलं. कागद आला म्हणाले. कोणी आणला, म्हटलं. तर म्हणे, कोणी नाही. आला."

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मी आणि माझ्यासारखे कितीजण त्या पेटीकडे पळत होतो. न पोहोचलेल्या कागदापायी किती माणसांनी रात्री आत काढल्या असतील. आणि आज आम्ही ट्रकमागे अडकलेलो असताना तोच आदेश डोक्यावरून गेला, दार उघडून मोकळा झाला. ना आवाज, ना धूळ. मी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. लाल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.

"तो मला द्या," ती म्हणाली.

"आता कशाला?" मी तो तिला देत विचारलं.

"असू दे. व्याह्यांनी विचारलं तर?"

"अगं, मी गावी गेलोय ना?" तो म्हणाला.

तिनं कागद परत माझ्या हातात दिला आणि त्याच्या गालावरचे खुंट पाहून म्हणाली, "आधी न्हाव्याकडे चला."

त्यांची गाडी गेली. मी तिथेच उभी राहून पेटीकडे बघत राहिले.