आबाच्या काळजावरचा वण

माझा बाप जनावरं डागायचा. बैल लंगडला, गाईच्या खांद्याला सूज आली, की पार कुरुंद्यापासून माणसं आमच्या दारात यायची. आबा सळई लाल करायचा, चौघांकडून जनावर आडवं पाडायचा आणि चर्रकन डाग द्यायचा. जनावर बरं झालं तर नाव आबाचं. मेलं तर "उशिरा आणलं" म्हणून मोकळा. इतका बिनघोर धंदा मी दुसरा पाहिला नाही.

वण कसा धरतो यावर मात्र तो जेवण विसरून बोलायचा. वण जितका कडक तितकं दुखणं मुळापासून गेलं, हे त्याचं शास्त्र. त्यापुढं कुणाचं काही चालायचं नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शिरड शहापूरच्या बाजारात बोकड विकता विकता आबाच्या छातीत कळ आली. त्यानं आधी सौदा पुरा केला, मग घाम पुसत खाली बसला. नांदेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत काळजाचा एक तुकडा कायमचा गेला होता.

मी नांदेडलाच कॉलेजात शिकत होते, म्हणजे घरातली शहाणी मीच. डॉक्टर तरुण होता आणि त्याला समजावून सांगायची भारी हौस. तो म्हणाला, "मेलेल्या मांसाच्या जागी आता वण तयार होईल. काळजात त्यासाठी खास पेशी असतात, त्या लगेच कामाला लागतात. त्या नसत्या तर काळीज तिथं फाटलं असतं. पण थांबायचं कधी, हे त्यांना कळत नाही. शेजारच्या चांगल्या मांसातही त्या वण पसरवत जातात. ही गोळी त्यांना जरा आवरते. ती चुकवायची नाही."

आबानं मान हलवली. त्याचा चेहरा एवढा खुलला होता की मला वाटलं, त्याला सगळं नीट कळलं. खरं तर आपल्या छातीत आपल्याच धंद्याची माणसं राबतात, या आनंदात तो पुढचं काही ऐकतच नव्हता.

आबा गावी परतला. भेटायला येणाऱ्यांना तो काळजावरच्या वणाचं वर्णन करून सांगायचा, जणू स्वतःच आत हात घालून डाग दिला होता. मी सुट्टीला गेले की विचारायचे, "आबा, गोळी?" तो म्हणायचा, "बराबर चालू हाय." घरात त्याच्याइतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

सहाएक महिन्यांत त्याचे पाय सुजले. अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना धाप लागायला लागली. माय घाबरली. आम्ही दोघींनी त्याला परत नांदेडला नेलं. डॉक्टरनं तपासलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "गोळ्या रोज घेता ना?"

"बैल घेतो," आबा म्हणाला.

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"आतली माणसं सांधून राहिलीत अन् तुमी त्याह्यचेच हात बांधता?" आबा डॉक्टरवरच उलटला. "वण पक्का नको व्हय? फेकून द्यायला जीव होईना, म्हून पेंडीतून बैलाला घातल्या. त्याला काई तकलीफ न्हाई झाली."

तालुक्यातला सर्वांत निरोगी काळजाचा बैल आमच्या गोठ्यात होता आणि माझा बाप दारात जाऊन यायचं म्हटलं तरी धापा टाकत होता. मला हसू येत होतं आणि त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटत होती. डॉक्टर वैतागून सांगायला लागला, की वण आकसत नाही, फुलत नाही, आणि काळजाला तर दिवसभर तेच काम. आबा बैलाच्या तोंडाकडं बघावं तसं त्याच्याकडं बघत होता. हा माणूस आता मरणार, स्वतःच्या शास्त्रापायी मरणार, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात माय बाकावरून उठली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पाय स्टुलावर ठेवला. गुडघ्याच्या वाटीवर जुना डाग होता, चकचकीत, आखडलेला. माझ्या जन्माआधी तिचा गुडघा दुखायचा म्हणून आबानं दिलेला.

"ह्यो पक्का हाय का न्हाई?" तिनं विचारलं.

"हाय की," आबा म्हणाला. अजूनही कौतुकानंच.

"मंग पाय दुमडून दाखवते, बघा." तिनं पाय दुमडायला घेतला. तो अर्ध्यातच थांबला. "लगनाच्या पंगतीत समद्या बाया मांडी घालून बसत्यात. म्या भित्तीला टेकून पाय लांब करून बसते. इतके वर्सं."

आबा वाकून त्या गुडघ्याकडं बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "सांगितलं काहून न्हाई?"

"इचारलं कवा?"

डॉक्टरनं चिठ्ठी पुढं केली. आबानं ती घेतली, मला गोळ्या आणायला पिटाळलं आणि दवाखान्याच्या दारातच पहिली गोळी पाण्याबरोबर गिळली. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, की पुढचं पसरणं थांबेल, पण जेवढं कडक झालं तेवढं झालं, ते परत मऊ होणार नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी तो वाटीत तेल घेऊन मायजवळ बसला आणि तिचा गुडघा चोळायला लागला. मधूनमधून दम खायला थांबत होता.

"आता काय उपेग त्याचा?" माय म्हणाली. पण पाय तिनं मागं घेतला नाही.