अकोल्याचा आकडा

माझे जे काही बरे झाले ते नारायणभाऊंमुळे झाले. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते वाचून कोणी म्हणू नये की या माणसाला उपकारांची आठवण राहिली नाही. आठवण होती. आठवण असूनही मी ते केले.

नारायणभाऊ माझे मामेभाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. भातकुलीकडच्या आमच्या खेड्यात चौथीपुढे शाळा नव्हती. वडील गेले तेव्हा मायने वावर बटईने दुसऱ्याला कसायला दिले, मला घेतले आणि ती अकोल्याला भाऊंच्या घरी येऊन राहिली. भाऊ दवाखान्यात कारकून होते. स्वतः मॅट्रिकवर थांबले, पण मला त्यांनी मॅट्रिकपुढे नागपूरच्या कॉलेजात पाठवले, आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी झालो.

दवाखान्याच्या आवारात चार पायांवर उभी असलेली, झडपांची, पांढऱ्या रंगाची एक लाकडी पेटी होती. तिच्यात उष्णतामापक नळ्या असत. रोज सकाळी आठ वाजता पेटी उघडायची, आदल्या दिवशी पारा कुठवर चढला ते वाचायचे, वहीत लिहायचे आणि सरकारच्या हवामान कचेरीला तार करायची, हे भाऊंचे जास्तीचे काम. मला ते बरोबर नेत. "डोया पाऱ्याच्या बरोबरीले आन," ते म्हणत. "वरून पाह्यलं त खोटं दिसते, खालून पाह्यलं तरी खोटं दिसते." पुढे हवामान कचेरीत जागा निघाली तेव्हा शंभर अर्जांत माझाच घेतला गेला, तो त्या पेटीपाशी शिकलेल्या वाचनामुळे. कचेरी सिमल्याला होती.

वैशाखात मी निघालो. अकोल्यात लोकरीचा कोट शिवून घेणे म्हणजे शिंप्याला हसायला कारण देणे. "बाबू," तो माप घेताना म्हणाला, "हे घालून आंगनात उभा राह्यला त शिजशीन." कोट अंगात घालणे शक्यच नव्हते, म्हणून तो हातावर घेऊन मी स्टेशनवर उभा होतो. मायने त्याच्या खिशात एक कांदा टाकला. उन्हात बाहेर पडणाऱ्याच्या खिशात आमच्याकडे कांदा असतोच, ऊन लागू नये म्हणून. वहिनी हसल्या. "आत्याबाई, हिमालयात कायचं ऊन?"

"असो वं," माय म्हणाली. "सूर्य त तोच हाय ना."

मी मायला म्हटले की बस्तान बसले की तुला नेईन. तिने मान हलवली. "जिथं पापड वाळत नाही तिथं मी काय करू?"

गाडीने शिटी दिली तेव्हा भाऊंनी खिडकीवर हात ठेवला. "मी काही रोज पत्र लिव्हनार नाही. आठाले तार टाकतो, ते तुह्यापाशीच येईन. तेच माहं पत्र समज."

सिमल्याला मी उतरलो तेव्हा कोट अंगात होता, तरी दात वाजत होते, आणि खिशात हात घातला तर हाताला कांदा लागला. तो मी खाल्ला नाही, टाकलाही नाही. खिडकीत ठेवला. पुढे त्याला कोंब आला.

पहिल्या वर्षी मी जो मूर्खपणा केला तो वऱ्हाडातल्या माणसाशिवाय कोणी करणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी दहा वाजले की दारे-खिडक्या लावायच्या, घर अंधारे करायचे, आणि ऊन उतरल्यावर सगळे सताड उघडायचे. हे कोणी शिकवत नाही, हातच ते करतात. सिमल्यातही माझे हात तेच करत राहिले. सुटीच्या दिवशी दहा वाजता मी खिडकी लावून पडदा ओढत असे आणि संध्याकाळी उघडत असे. खोली दिवसा तापत नसे आणि रात्री गारठत असे. पायांची बोटे सुजून लाल झाली. मी समजत होतो की थंडी म्हणतात ती हीच. शेवटी घरमालक लालाजींनी एकदा भर दुपारी दार ठोठावले. बाहेर सारी गल्ली भिंतींना पाठ लावून उन्हात बसली होती, बायका विणत होत्या, म्हातारे डोळे मिटून होते. लालाजींनी माझ्या अंधाऱ्या खोलीत पाहिले आणि म्हणाले, "बाबूजी, धूप से दुश्मनी है क्या?"

खिडकी उघडी ठेवायला मी शिकलो, पण दर वेळी आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटे. ते ऊनही मला ऊन वाटत नसे. अंगाला लागे, आत जात नसे.

कचेरीत माझे काम देशभरातल्या तारांतले आकडे नकाशावर भरण्याचे होते. दहाच्या सुमारास अकोल्याची तार येई. त्यात शब्द नसत, नुसते आकडे. पण मला त्यात सगळे दिसे. एकशे आठ डिग्री फॅरनहाइट म्हणजे भाऊंच्या घरी वाळ्याची ताटी दारात लागली. एकशे दहा म्हणजे वहिनींनी कैऱ्या उकडल्या, पन्हे झाले. एकशे बारा म्हणजे माय घराच्या धाब्यावर पापड घालून येताना "पाय भाजले बाई" म्हणत खाली आली आणि एका तासात पापड वाळलेही. हे सगळे मी बोटे काखेत धरून वाचत असे.

वर्षातून दोनतीन वेळा भाऊंचे पत्रही येई. "घराची भट्टी झाली आहे. दुपारी ताटीवर पाणी मारून पडतो, दुसरे काही सुचत नाही. तू सुटलास." भाऊ खरोखर तक्रार करत होते. मला मात्र ते मिरवणे वाटे. ओल्या वाळ्याचा वास घेत पडणारा माणूस मला सुटलास म्हणतो, याचा राग येई. माझी माय त्यांच्या दारात पापड वाळवते आणि सुटलो मी. हळूहळू मी पत्रे दुसऱ्यांदा वाचेनासा झालो.

सर्वांत जास्त हेवा मला एका गोष्टीचा वाटे. सकाळी आठचे वाचन करून भाऊ दवाखान्यातून बाजाराकडे निघाले की लोक त्यांना थांबवत. पानवाला, वकील, सरकीचा व्यापारी, सगळे. "नारायणराव, काल किती?" अकोलेकरांना आपल्या उन्हाचा मोठा अभिमान. आकडा लहान असला की त्यांची तोंडे उतरत, आणि अमरावतीहून कोणी आलेला असला तर फारच. वहिनी अमरावतीच्या. त्या म्हणायच्या, "तुमच्या गावात ऊनच त हाय, दुसरं काय हाय?" तेव्हा भाऊ वहीत एकशे दहा लिहून आलेले असले की पानवाल्याला एकशे बारा सांगत. दोन डिग्री वरकड. लोक खूश होऊन जात. मी एकदा विचारले, "भाऊ, खोटं काहून सांगता?" ते म्हणाले, "वहीत खोटं लिव्हलं काय? मंग झालं त. लोकाईचं ऊन हाय, थोडं त्याईच्या मनासारखं असू दे."

सिमल्यात तोच आकडा रोज माझ्या हातात असे आणि मला कोणी काही विचारत नसे.

तिसऱ्या वर्षी कचेरीत ठरू लागले की अकोल्याला पूर्ण वेळचा निरीक्षक नेमायचा. जुन्या माणसालाच कायम करायचे की पदवीधर पाठवायचा, एवढाच प्रश्न होता. भाऊंना हे कचेरीच्या पत्राने कळले होते, आणि दवाखान्यातल्या कारकुनीतून सुटण्याची त्यांना आशा होती. मलाही कळले होते. मी बदलीचा अर्ज लिहिला आणि टेबलाच्या खणात ठेवला. भाऊंना मात्र कळवले नाही.

वैशाखातच एका सकाळी अकोल्याचा आकडा आला: एकशे सतरा. त्या दिवशी सिमल्याला गारा पडल्या होत्या. अमरावती एकशे तेरा, खंडवा एकशे बारा. साहेबांनी नकाशावर बोट ठेवले आणि मला बोलावले. "तुम्ही तिकडचे. हा आकडा शक्य आहे?"

शक्य होता. अकोला खोलगट आहे, वारा अडतो, अमरावती उंचावर आहे. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. आणि त्या पेटीसमोर भाऊंचा डोळा कधी चुकला नाही, हेही ठाऊक होते. मी म्हणालो, "साहेब, वाचणारा माणूस प्रामाणिक आहे. पण लोकांना आकडा वाढवून सांगण्याची त्याला सवय आहे."

दोन्ही वाक्ये खरी होती. ती एकामागून एक अशी बोललो की पहिले पुसले जावे. साहेबांनी टिपून घेतले. मी जागेवर येऊन बसलो आणि अर्ज खणातून काढून वर पाठवला. तीन वर्षांत पहिल्यांदा मला उबदार वाटले, हे लिहायला लाज वाटते, पण तसे झाले.

अकोल्याला तपासनीस गेला. पंधरा दिवस त्याने भाऊंच्या शेजारी उभे राहून वाचने घेतली. दोघांचे आकडे रोज जुळले. नळ्या बरोबर, वही बरोबर, एकशे सतराही बरोबर. तो अहवाल फाइलला लावायचे काम माझ्याकडे आले, कारण अकोल्याची फाइल माझ्याकडे असे. अहवालात शेवटी एक ओळ होती: निरीक्षकास विचारले असता लोकांना वाढवून आकडा सांगत असल्याचे त्याने मान्य केले, यापुढे सरकारी आकडा वाढवून सांगणार नाही असे लिहून दिले आहे.

खाली भाऊंची सही होती. ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस सिमल्यात एकच आहे हे त्यांना सही करताना कळलेच असणार.

त्यानंतर भाऊंचे पत्र आले नाही. तार मात्र रोज येत राहिली, दहाच्या सुमारास. एकशे अकरा. एकशे बारा. एकशे दहा. मी तो कागद उलटसुलट करून पाहत असे. तारेच्या आकड्यात माणसाचा राग दिसत नाही, आणि त्यामुळेच तो कागद हातात धरवत नसे.

आषाढात पत्र आले ते वहिनींचे. वहिनींना जेमतेम लिहिता येई आणि त्या बोलतात तसेच लिहीत. मायची तब्येत बरी हाय, यंदा पापड लय झाले, तुमच्यासाठी डबा भरून ठेवला हाय, असे सगळे लिहून शेवटी लिहिले होते: "तुमचे भाऊ आता बजारातून येत नाहीत, मांगच्या रस्त्यानं येतात. लोक इचारतात, नारायणराव काल किती. त हे म्हनतात, सिमल्याले इचारा. काहून असं म्हनतात ते मले समजत नाही. तुमाले समजते काय?"

मी खिडकी उघडी टाकून बसलो. बाहेर धुके होते. अकोल्यात आता पहिले ढग आले असतील, पारा उतरला असेल, आणि कोणालाच त्याचा आकडा ठाऊक नसेल, एवढेच डोक्यात फिरत होते. ज्या उन्हाचा मी हेवा करत होतो ते मी माझ्याकडे आणले नव्हते. त्यांच्याकडचे मात्र काढून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि त्यानंतर घरी येऊन पत्र लिहिले. आज सिमल्यात मला बरीच वर्षे झाली. लोक विचारतात, घर कुठे. मी अकोला सांगतो, आणि सांगण्याचा मला किती हक्क आहे हे मनात मोजतो. त्या पत्राची नक्कल मी ठेवली होती. ती इथे देतो.

*

तीर्थस्वरूप नारायणभाऊंस, महादूचे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

वहिनींचे पत्र पोचले. त्यांनी जे विचारले ते मला समजते. साहेबांपाशी मीच बोललो. कोणी फसवून बोलते केले नाही. अकोल्याची जागा मला हवी होती. घरी यायचे होते आणि तुमच्या जागी यायचे होते. तुम्ही मला डोळा पाऱ्याच्या बरोबरीला आणायला शिकवलेत आणि मी तुमच्याकडे खालून पाहिले.

आज साहेबांना सांगितले की एकशे सतरा शक्य आहे हे मला त्या दिवशीही ठाऊक होते. ते रागावले. माझा अर्ज मी परत मागून घेतला आणि निरीक्षक म्हणून तुमचे नाव लिहून दिले. ते मानतील की नाही सांगता येत नाही, पण तपासनिसाचा अहवाल तुमच्या बाजूचा आहे आणि तो मी सर्वांत वर लावला आहे. मला इथेच राहावे लागेल असे दिसते. त्याची तक्रार नाही.

मायला सांगा की खिडकी मी आता दुपारी उघडी ठेवतो. पापडाचा डबा पाठवू नका, तिथेच राहू द्या. यायचे तोंड राहिले असेल तर येऊन खाईन. नसेल तर तसे कळवा.

तुम्ही लिहून दिलेला कागद माझ्या फाइलला आहे. त्यात 'सरकारी आकडा' असे शब्द आहेत, म्हणजे तो वहीपुरता आहे, रस्त्यावर काय बोलावे ते त्यात नाही. मी तो दहा वेळा वाचला.

भाऊ, मांगच्या रस्त्यानं येत जाऊ नका. बजारातून या. लोकाईनं इचारलं काल किती, त सांगत जा, दोन डिग्री जास्तीच सांगा. सिमल्याले इचारा म्हनू नका. सिमल्याले काय समजते उनातलं.

तुमचा,
महादू