नाना वाळूवरून उठेनात

आमचं कूलरचं दुकान. जळगावात कूलरचं दुकान म्हणजे मार्च ते जून तुम्ही दुपारी जेवायचं की नाही हे गिऱ्हाईक ठरवतं. त्यामुळे आम्हाला फिरायला जायचं तर थंडीतच, आणि तेही संक्रांत होऊन गेल्यावर, शाळा सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या वारी. बाकीचं जग समुद्रावर नाताळात जातं, थर्टी फर्स्टला जातं. आम्ही ती सगळी जत्रा उठून गेल्यावर पोचतो. कितीतरी वर्षं मी समुद्रकाठची गावं अशीच बघत आलेय. घोडागाडीवाला गाडीतच झोपलेला, शहाळ्याच्या हातगाडीवर ताडपत्री, आणि लॉजवाला आम्हाला बघून आधी दचकतो, मग गिझर चालतो का ते बघायला पळतो. मला तसंच आवडतं. आमच्या पिंप्राळ्यात झोपेतसुद्धा हॉर्न ऐकू येतो, तिथे नुसती लाटांची गाज. "एवढं लांब येऊन काय बघायचं, बंद दुकानं?" असं हे दरवर्षी कुरकुरतात. हे म्हणजे आमचे मिस्टर. कुरकुरतात आणि दरवर्षी गाडी काढतात.

यंदा नाना सोबत आले. नाना म्हणजे माझे सासरे, पारोळ्याजवळच्या गावी राहतात. सासूबाई गेल्यापासून एकटेच. ऐंशीच्या घरात आले, गुडघे गेलेत, काठी लागते, पण रुबाब पाटलाचा. उभ्या जन्मात त्यांनी समुद्र बघितला नव्हता. "नानांना यंदा दाखवू," असं हे म्हणाले तेव्हा मी तोंडावर हो म्हटलं आणि आत जाऊन भांडी आदळली. कारण नाना येणार म्हणजे साडी आली. डोक्यावर पदर आला. एरवी मी समुद्रावर पंजाबी ड्रेस घालून चार दिवस मोकळी हिंडते, त्याला यंदा रामराम.

आमच्या घरची रीत आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. पाया पडायचं तेही लांबून, जमिनीला हात टेकवून. एखादी वस्तू द्यायची तर पुढ्यात ठेवायची, हातात द्यायची नाही. आता बऱ्याच घरांतून हे गेलंय, माझ्या जावेनं तर कधीच सोडलं. पण नाना जुन्या वळणाचे, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाळत आले. सासूबाई आजारी होत्या तेव्हा दवाखान्यात एकदा नानांना चक्कर आली होती. मी पुढे झाले तर भिंतीला धरून उभे राहिले, पण माझा हात घेतला नाही. यंदा आम्ही गेलो त्या समुद्रकाठच्या गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. उगाच कोणीतरी आमच्यासारखं तिथे भरीत करायला जायचं.

हो, भरीत. खान्देशातला माणूस जानेवारीत घराबाहेर पडला आणि भरताची वांगी सोबत घेतली नाहीत असं होत नाही. आम्ही तर डिकीत पऱ्हाट्यासुद्धा टाकल्या होत्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, कारण वांगं भाजायचं ते त्यावरच. गॅसवर भाजलेल्या वांग्याला नाना भरीत म्हणत नाहीत, भाजी म्हणतात. मी घरून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळून घेतल्या होत्या.

गाव अगदी ओस होतं. किनाऱ्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. एका टोकाला खाडी समुद्राला मिळते, आणि ओहोटी होती म्हणून तिथे मध्ये वाळूचा लांबट उंचवटा उघडा पडला होता. किनारा आणि तो उंचवटा यांच्यात घोट्याएवढं पाणी. नाना काठी टेकत किनाऱ्यावर उभे राहिले, समुद्राकडे बघितलं. मग काठी त्या उंचवट्याकडे केली. "तठे बसू."

आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हीच तर गंमत. अहो, आम्ही बोरी नदीच्या पात्रात बसणारी माणसं. दिवाळी झाली की नदीचं पाणी एका कडेला सरकतं, बाकी सगळी वाळू. हिवाळाभर भरताच्या पंगती तिथेच, पात्राच्या मधोमध. सगळं आयुष्य असं गेलेलं. थंडी म्हणजे पाणी उतरणार, हे आमच्या हाडात बसलंय. भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही, पण ती समोरच्या लाटांची. लाटा जवळ आल्या की सतरंजी मागे ओढायची, एवढंच.

यांनी नानांना धरून त्या पाण्यातून पलीकडे नेलं, मग दोन खेपा करून पऱ्हाट्या आणि पिशव्या आणल्या. नाना सतरंजीवर बसले. आम्ही जाळ केला, वांगी टाकली. धूर, लाटा आणि ऊन. खरं सांगते, माझा राग तिथेच विरघळला. नाना एका काडीनं वांगी फिरवत होते आणि मध्येच मान वर करून त्या अफाट पाण्याकडे बघत होते. "बठ्ठं खारं?" असं त्यांनी एकदा विचारलं. "सगळं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे एवढं पाणी वाया गेल्याचं त्यांना वाईट वाटलं.

वांगी सोलली, ठेचली, मिरची घातली, आणि मी कपाळावर हात मारला. मीठ गाडीत राहिलं होतं. समुद्राच्या मधोमध बसून आमच्याकडे मीठ नव्हतं! हे हसत उठले आणि आणायला गेले. गाडी सुरूच्या बनापलीकडे होती. जाताना त्यांच्या पोटऱ्या भिजल्या, ते मी बघितलं, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्यांना वेळ लागला. नंतर कळलं, दुकानातून फोन आला होता. मी आणि नाना समोर बघत बसलो होतो. लाटा होत्या तिथेच होत्या, निदान मला तसं वाटलं. मग यांची हाक आली. हाक कसली, किंचाळीच. मी मागे वळले. किनारा आणि आमच्यामध्ये आता पाट वाहत होता. पाणी समोरून नाही, मागून आलं होतं. खाडीच्या तोंडातून आत घुसत होतं आणि चांगल्या ओढीनं. हे पलीकडे मिठाची पुडी हातात घेऊन उभे.

"नाना, उठा! पाणी आलं!"

नानांनी मागे बघितलंसुद्धा नाही. "हिवाळामा पानी वाढस का कधी?" असं म्हणून ते भरतात कांद्याची पात घालत राहिले.

"अहो वाढतंय! बघा तरी!"

तेव्हा बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला आजही दिसतं. ओरडले नाहीत, घाबरलेही दिसले नाहीत. फक्त पात खाली ठेवली.

हे पाण्यात उतरले. त्यांच्या बाजूनंच खोल होतं. कमरेपर्यंत आले, घसरले, एकदा डोकं पाण्याखाली गेलं. कसेबसे मागे फिरून काठावर चढले. पोहता आमच्यात कोणालाच येत नाही, बोरीत शिकायला पाणी कुठे असतं? "थांबा! होडी बघतो!" असं ओरडून ते गावाकडे पळाले. सीझन असता तर दहा माणसं धावली असती, एखादा तरी आधीच ओरडला असता. आता त्या अख्ख्या किनाऱ्यावर मी, नाना आणि विझत चाललेला जाळ. मला रिकामे किनारे आवडतात म्हणे! त्या क्षणी मी त्या रिकामेपणाला शिव्या घातल्या.

वाळू दोन्हीकडून कमी होत होती. सतरंजीची एक कड भिजली. होडी येईल, कधी येईल, तोवर हा तुकडा राहील का? माझं डोकं फिरायची वेळ आली. मी ठरवलं, आत्ताच निघायचं. माझ्या बाजूनं वरच्या अंगाला पाणी फेसाळत होतं, म्हणजे तिथे उथळ असणार. मी हात पुढे केला. "चला नाना. माझा हात धरा."

नानांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. लहान मूल घेतं तसे. "तू जाय. पोऱ्याले धाड."

"ते येईपर्यंत बुडाल तुम्ही!"

"हात नको लावू माले."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग लक्षात आलं, हा माणूस खरंच बोलतोय. पाणी मागून येतंय आणि हा म्हातारा रीत पाळतोय! मी रडले, हात जोडले, सासूबाईंची शपथ घातली. ढिम्म. सतरंजीवर मांडी घालून बसलेले, नजर समोर. पाणी त्यांच्या धोतराला लागलं तरी हलले नाहीत.

मग मी डोक्यावरचा पदर काढला, कमरेचा खोचा सोडला, आणि ते लांब टोक त्यांच्या पुढ्यात टाकलं. "हाताला नाही ना धरायचं? पदर धरा. कापड आहे ते. कापडाला तर चालतं ना?"

त्यांनी त्या टोकाकडे बघितलं. मग एका हातानं काठी घेतली, दुसऱ्या हाताला पदर गुंडाळला आणि उठले.

आम्ही पाण्यात उतरलो. गुडघ्याएवढं, मग मांडीपर्यंत. साडी भिजून पायात गुंडाळत होती, तळव्याखालची वाळू सरकत होती. मी पुढे, नाना मागे, मध्ये ताणलेला पदर. मला मागे वळून बघायची भीती वाटत होती. अर्ध्यावर आलो आणि पदराला हिसका बसला. वळले तर काठी वाहत चालली होती आणि नाना बसल्यासारखे खाली गेले होते, पाणी हनुवटीला.

आणि त्यांनी पदर सोडला होता. सुटला नव्हता, सोडला होता. मुठीची बोटं उघडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मग मला काही सुचलं नाही, किंवा सगळं सुचलं. मी त्यांच्या काखेत दोन्ही हात घातले आणि छातीशी ओढलं. "सोड," ते म्हणाले. "ऊठ!" मी ओरडले. सासऱ्याला. एकेरीत. "ऊठ म्हणते ना! मरायचं असेल तर घरी जाऊन मर, माझ्यासमोर नाही!" तोंडात खारं पाणी गेलं, अजून काय काय बोलले ते मला लिहवत नाही. त्यांचं वजन ते काय, हाडांचा सापळा. पण ओढ होती, आणि ते पाय टेकवत नव्हते. मी मागे मागे सरकत, त्यांना फरफटत, काठावर आणून टाकलं आणि शेजारीच पडले.

हे दोन माणसं घेऊन धावत आले तेव्हा आम्ही दोघं वाळूवर बसून खोकत होतो. वाळूचा उंचवटा नव्हताच. आमचं भरीत, पुऱ्या, सतरंजी, सगळं गेलं.

परतीच्या वाटेवर नाना एक शब्द बोलले नाहीत. धुळ्याला चहाला थांबलो तेव्हाही गाडीतच बसून राहिले. मला वाटलं, धसका घेतलाय, बोलतील हळूहळू.

बोलले. गावी पोचलो त्या संध्याकाळी. ओट्यावर चार-पाच म्हातारे जमले होते, समुद्र कसा असतो ते ऐकायला. मी आत भाकरी थापत होते, दार उघडंच होतं. नाना सांगत होते, पाणी कसं मागून आलं, कसं वाढलं. मग म्हणाले, "पोऱ्यानी हात धरीसन काढं माले. नही तं गयथू मी."

माझा हात पिठात थांबला. मी वाट बघितली. हे तिथेच बसले होते, नानांच्या शेजारी. मला वाटलं, आता सांगतील. हे खाली बघून नखं कुरतडत राहिले. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास रे पठ्ठ्या!" तीही यांनी खाऊन घेतली.

मी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. डोक्यावर पदर नव्हता, आणि मी घेतलाही नाही. "नाना, कोणी काढलं?"

नानांनी मान फिरवली. "आत जाय. तुनं नाव नको यामा. लोके काय म्हंतीन?"

म्हणजे हा माणूस माझी अब्रू राखत होता! राग येण्याच्या पलीकडे गेले मी. "माझी कसली अब्रू? मी चोरी केली का? म्हणजे सुनेनं हात लावण्यापेक्षा मेलेलं बरं, असंच ना? तुम्हाला चाललं असतं मरण?"

मला वाटलं होतं, चिडतील, ओट्यावर हात आपटतील, निदान नाही तरी म्हणतील. नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. "हा," ते म्हणाले. "चालतं माले. तुनी सासू गयी तव्हापासूनच चालतं."

यांनी मान वर केली आणि वडिलांकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून जे तोंडात आलं ते बोलले.

"पाण्यातून काढताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं, नाना. पुढेही विचारणार नाही. उद्या कपडे भरा, तुम्ही आमच्याकडे पिंप्राळ्याला यायचंय."