मिल चालू होईपर्यंत

पोर्टर नावाची काळी बिअर मी पहिल्यांदा प्यायले ती इंग्लंडमध्ये, आणि पहिल्याच घोटाला ती मला आवडली. तोंड वाकडं झालं असतं तर किती बरं झालं असतं. कानाला खडा लावून मी मोकळी झाले असते आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण मेली आवडलीच.

तेव्हा मी इंदूरजवळ पीथमपूरच्या एका औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला होते. परदेशी कंपन्यांसाठी देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते. आमच्या कंपनीने एका इंग्रज कंपनीशी हातमिळवणी केली आणि आम्हा काही जणांना ट्रेनिंगसाठी तिकडे पाठवलं. घरातून विमानात बसणारी मी पहिलीच. आईने सोबत इतकी सेव दिली होती, जशी काही मी दुकान टाकायलाच चालले होते.

तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई काम करायची. एका शनिवारी दुपारी ती मला गावातल्या एका छोट्या दारूभट्टीत घेऊन गेली. भट्टी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, तसं तिथे काही नव्हतं. घासूनपुसून लख्ख केलेली तांब्याची पिंपं, खिडकीत झोपलेलं मांजर, आणि बिअर बनवणारा मालक स्वतःच पुढे येऊन ग्लास भरत होता. मी इंदूरची, थंडगार मागितली. त्याने मान हलवली. ही बिअर फार गार केली की मुकी होते, म्हणाला. ग्लास हातात धरून थोडा वेळ बस, मग ती बोलायला लागेल.

मी बसले. उजेडासमोर धरली तर मधोमध काळीकुट्ट आणि कडेला पिकल्या जांभळासारखी लालसर. वरचा फेस दुधाच्या चहाच्या रंगाचा. नाकाजवळ नेली आणि मी थेट इंदूरच्या मल्हारगंजात भडभुंज्याच्या दुकानापुढे जाऊन उभी राहिले. गरम वाळूत चणे फुटत असतात ना, अगदी तो वास. घोट घेतला तर आधी कोरी कॉफी, मग दूध आटवताना पातेल्याच्या बुडाशी लागते ती खरवड, मग काळा गूळ, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे एक कडवटपणा, तोही सभ्य. नोकरीच वास घेण्याची आणि फरक ओळखण्याची, त्यामुळे मी एकेक चव वेगळी काढत बसले. लंडनमध्ये ओझी वाहणारे हमाल ही प्यायचे, म्हणून तिचं नाव पोर्टर, असं मालकाने सांगितलं. मी आणखी एक ग्लास मागितला.

तो दुसरा ग्लास अर्धा झाल्यावर मला बाबा आठवले. आधी का नाही आठवले याची इतकी लाज वाटली की मी ग्लास खाली ठेवला.

माझे बाबा इंदूरच्या एका कापड गिरणीत, कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. मिलजवळच्या परदेशीपुऱ्यात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. बाबा महिन्यातल्या एका रविवारी बिअरची एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणायचे आणि दुपारभर पुरवून प्यायचे. बाकी कुठलं व्यसन नाही. आई त्या दिवशी देव्हाऱ्याचं दार लोटून घ्यायची, पण सेवेवर बारीक कांदा चिरून घालायची तीच.

मग एका सकाळी मिलच्या फाटकाला कुलूप आणि शेजारी नोटीस. सगळ्यांना वाटलं, दोन-तीन महिन्यांची बात आहे. आमच्या गल्लीत तेव्हा काहीतरी सोडण्याची साथच आली. काशीला जाऊन लोक आवडती भाजी सोडतात, तसं मिलसाठी प्रत्येकाने काही ना काही सोडलं. कोणी दाढी करणं सोडलं, कोणी पायात चप्पल घालणं, कोणी गोड. इंदूरमध्ये गोड सोडायचं म्हणजे रोज सकाळी पोहे खाताना जिलबीकडे पाठ करून उभं राहायचं. बाबांनी देवासमोर शपथ घेतली, मिल चालू होईपर्यंत बिअरला हात लावणार नाही. मिल गेल्याचं आईला दुःख होतंच, पण त्या संध्याकाळी ती जरा खूशही दिसली.

महिन्यांची वर्षं झाली. दाढीवाल्याने मुलीच्या लग्नात गुपचूप दाढी केली. अनवाणी फिरणाऱ्याच्या पायात चपला आल्या. गोडवाला तर पहिल्याच दिवाळीत घसरला. कोणी कोणाला विचारलं नाही. बाबा तेवढे शपथेला चिकटून राहिले, कारण त्यांच्या लेखी मिल बंद झालेलीच नव्हती, थांबली होती. मल्हारगंजातल्या एका कापडाच्या दुकानात ते बसायचे, तेही तात्पुरतं. देवासच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचीच चांगली जागा चालून आली होती. मालक घरी येऊन विचारून गेला. बाबांनी हात जोडले.

"उद्या मिल चालू झाली तर त्याला बीच में सोडून कसा येणार मी?" ते आईला म्हणाले. "चांगलं नाही दिसत."

पेपरात परदेशी कंपन्यांची बातमी आली की ते मला हाक मारायचे. "देख बेटा, बाहेरचा पैसा येऊन राहिलाय. कोणी ना कोणी पार्टी मिल घेणारच." मिलमधली यंत्रं ट्रकवर चढवून नेताना लोकांनी पाहिली, तेव्हाही ते म्हणाले, "जुनी काढून राहिले म्हणजे नवी येणार."

ज्या वाऱ्याने मला नोकरी दिली, त्याच वाऱ्याने त्यांची मिल कायमची नेली, हे मला कळत होतं. आईलाही कळत होतं. आम्ही दोघी मूग गिळून बसलो. त्यांचं मन मोडायला नको, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. पण खरं बोलायचं तर त्यांची आशा आम्हाला सोयीची होती. गल्लीतल्या इतर घरांत रडारड होती, दारू होती, मारहाण होती. आमच्या घरात एक माणूस शांतपणे वाट बघत होता. वाट बघणारा माणूस कोणाला त्रास देत नाही.

इंग्लंडमधून निघताना मी पोर्टरची एक बाटली विकत घेतली आणि स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. बाबा ती पिणार नाहीत हे माहीत असून आणली. आपण एकटीनेच मजा केली हे मला सहन होत नव्हतं, दुसरं काही नाही. तोवर आम्ही शहरातल्याच अन्नपूर्णा भागात राहायला आलो होतो, माझ्याच पगारावर. तिथल्या स्वयंपाकघरात पापडाच्या डब्यामागे मी बाटली लपवली. खाई त्याला खवखवे. आईने पापड काढायला हात वर केला की मीच धावत जायचे.

एका रविवारी दुपारी आई मंदिरात भजनाला गेली आणि बाबांना पापड खावासा वाटला. मी बाहेरच्या खोलीत केस वाळवत होते. बाबा बाटली घेऊन आले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"बिअर. काळी असते. तिकडून आणली, तुमच्यासाठी." मग राहवेना म्हणून सांगून टाकलं, "मी प्यायले तिकडे, बाबा."

आता काय ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा लावून लेबल नीट वाचलं.

"आवडली?"

"हो."

"मग खोल. तू पी, आणि मला सांग कशी आहे. वास घ्यायला कसम आड नाही येत."

मी काचेच्या दोन ग्लासांत बिअर ओतली. बर्फ घालू नका, गार करायची नसते, असं सगळं त्या भट्टीच्या मालकाच्या थाटात सांगितलं. बाबांनी आपला ग्लास खिडकीसमोर धरून लाल कडा पाहिली. मग डोळे मिटून कितीतरी वेळ वास घेतला.

"चणे," ते म्हणाले. "भडभुंज्याकडचे."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. बाकी सगळ्या चवी मी त्यांना घोटाघोटाने सांगत गेले आणि ते लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हमालांचंही सांगितलं.

"अच्छा?" ते हसले. "आमच्या मिलचे हमाल तर अर्ध्या चहावर खूश असायचे."

त्यांच्यासमोर एकटीने पिणं मला जड जायला लागलं. माझा ग्लास खाली येत होता आणि त्यांचा भरलेलाच होता.

"एक घोट घ्या ना, बाबा."

"मिल चालू होऊ दे." हे ते इतकी वर्षं जसं म्हणत आले होते, तसंच सहज म्हणाले.

"मिल आता चालू नाही होणार."

आमच्या घरात हे वाक्य त्याआधी कोणी उच्चारलं नव्हतं. त्यांना खरं कळावं म्हणून मी बोलले असते, तर आज निदान तेवढं समाधान असतं. मी बोलले ते मला सोबत हवी होती म्हणून. माझा घोट हलका व्हावा म्हणून.

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तू कंपनीत आहेस, तुला समजतं यातलं. पक्कं सांगून राहिली?"

"पक्कं."

त्यांनी ग्लास उचलला आणि प्यायले. घाई केली नाही. मी सांगितलं होतं तसा घोट तोंडात घोळवला, मग गिळला.

"छान आहे," ते म्हणाले. "खरंच छान आहे." आणखी एक घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "नोकरी लागली तेव्हापासून. थोडंफार त्याच्याही आधी."

"आणि आईला?"

"आईलाही."

ते चिडले असते तर मी रडून मोकळी झाले असते. पण ते चिडले नाहीत. दुकानात उरलेलं कापड मोजून घडी घालून ठेवावं, तशा आवाजात बोलले.

"मग सांगायचं ना गं. देवासची जागा मी घेतली असती."

एवढं बोलून ते उठले आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. दार उघडं होतं, पण त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी माफी मागायला दारापर्यंत गेले आणि परत आले. गेलेली वर्षं मी कुठून आणून देणार होते?

टेबलावर त्यांचा अर्धा ग्लास तसाच होता. आई यायची वेळ झाली होती, कोणीतरी ती बिअर संपवायला हवी होती. मोरीत ओतायला माझा हात धजेना. मी ती उभ्याउभ्याच प्यायले. ती अजूनही तितकीच चांगली लागत होती.